उचंत खाते

टेबल नाही, म्हणून ट्रंकेवर
तीन कागद मांडून बसलेय.
तळाशीलचा वारा घरात विचारून येत नाही,
तेव्हा प्रत्येकावर जाळ्याचं एकेक शिसं.

पहिला कागद सावंतवाडीचा. बी.कॉम., तीन वर्षं.
वसतिगृहाचे वेगळे, मेसचे वेगळे,
आणि मी तिथे असताना इथे रापणीची वही कोण लिहील
हा खर्च कुठल्याच रकान्यात धरलेला नाही.

दुसरा, झेरॉक्सच्या दुकानावरचा माळा.
तीन महिन्यांत टॅली, जीएसटी, नोकरीची हमी.
'हमी'वर पिवळा हायलाइटर दोनदा फिरवलाय.
मी विचारलं, हिशेब चुकला तर
चूक शोधायला शिकवता का?
मुलगा म्हणाला, मॅडम, सॉफ्टवेअर चुकत नाही.

तिसरा मालवणचा. कम्युनिटी कॉलेज,
लेखाकर्माची पदविका, एक वर्ष, दुपारी दोन ते सहा.
पुढे शिकायचं झालं तर हे वर्ष पदवीत धरतील,
अटी लागू.
त्या अटी मी आधी वाचल्या.
बारीक अक्षर आधी वाचायची सवय रापणीने लावली:
माणसाला एक वाटा, होडीला दोन, जाळ्याला तीन,
ताप आलेल्या गणू खोबरेकराला अर्धा,
दोर ओढायला धावलेल्या पोराला पाव,
लिहिणाऱ्याला अर्धा.
बाबांना तीनाचा आठ दिसायला लागल्यापासून
तो अर्धा माझा.

त्या वहीत एक जुनं दुखणं आहे.
अकरा वर्षांपूर्वी, पेडव्यांच्या मोठ्या ओढीनंतर
दोनशे चाळीस रुपये कमी भरले.
बाबांनी तीन रात्री शोधले,
चौथ्या रात्री लिहिलं: दर्याच्या नावे, २४०.
सगळे हसले. पण दर वर्षी
नव्या वहीच्या पहिल्या पानावर ते येतात,
मागील बाकी, दर्या, दोनशे चाळीस.
दर्याने अजून फेडलेले नाहीत.

परुळेकर बाईंना मी हीच गोष्ट सांगितली.
स्टाफरूममध्ये त्या डबा धूत होत्या.
हात पुसत म्हणाल्या, याला उचंत खातं म्हणतात.
जे जुळत नाही ते तिथे ठेवायचं.
खोडायचं नाही, लपवायचं नाही.
आणि सापडलंच नाही तर?
मग शोधत राहायचं, म्हणाल्या,
त्याचाच पगार असतो.

जाताना त्यांनी पुस्तक दाखवलं.
त्यात जमा उजवीकडे.
आमच्या वहीत जन्मापासून डावीकडे.
घरी सांगितलं तर बाबा गप्पच झाले.
मग म्हणाले, "म्हणजे आमी इतकी वर्सां
उलट्या बाजूक होतंव?"
मी म्हटलं, बाबा, रापणीला दोन दोर असतात,
दोन्हीकडून ओढतात, मासळी मध्ये असते.
हे मला पटलेलं होतं की मी त्यांच्यासाठी म्हटलं,
आठवत नाही.

आई सुकटीवरचे कावळे हाकत होती.
"शिकान काय बँक काढतलंस?"
नाही गं, म्हटलं. सोसायटीत डिझेलच्या परताव्याचे कागद
दोन वर्षं अडकलेत. ते का अडकलेत
एवढं कळलं तरी पुष्कळ.
ती काही बोलली नाही. कावळा परत आला.

खरं सांगायचं तर निर्णय होडीने घेतला.
तास सहाला सुटतो.
सर्जेकोटहून तरीची शेवटची फेरी पावणेसातला.
तरीवाला जयराम म्हणाला,
दहा मिनिटं थांबेन. बाराव्या मिनिटाला नाही.
एवढी स्पष्ट अट
तिन्ही कागदांत कुठेच नव्हती.

फॉर्म भरला.
'हा अभ्यासक्रम निवडण्याचे कारण', दोन ओळी जागा.
एक ओळ कोरी ठेवली.
दुसरीत लिहिलं: रु. २४०.

फी दोन हप्त्यांत. पहिला हप्ता
माझ्या अर्ध्या वाट्यांतून साठलेला.
आज वहीत लिहिला.
डावीकडे की उजवीकडे ते नक्की होईना,
म्हणून तूर्त
पेन्सिलीने.